जुन्या मोटारीचा श्वास

कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे कराडला जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला बाजारातला उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर बसविण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, १ किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि ती जितकी थंड, तितकी घन असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. म्हणूनच बॉनेटखालची तप्त हवा ओढणारा उघडा फिल्टर आवाज भारदस्त करतो, शक्ती क्वचितच वाढवितो. उन्हाळ्यातील धुळीने त्याच्या तेलकट सुती घड्या भरतात, आणि कार्बुरेटरचे जेट न जुळविल्यास मिश्रणाचे प्रमाण बिघडते. थंड हवेच्या नळीची तजवीज होत नसेल, तर मूळ डबाच कायम ठेवून त्यातील कागदी फिल्टर वेळेवर बदलावा.