होडीच्या ट्रेलरचा विजेचा ब्रेक

मोटारीनें भार ओढणें सोपें, परंतु ओढलेला भार थांबविणें कठीण असतें. अमेरिकेंत पुष्कळ कुटुंबें सुट्टीच्या दिवशीं आपली होडी दोन किंवा चार चाकांच्या ट्रेलरवर चढवून, तो मोटारीमागें जोडून, सरोवरावर अथवा समुद्रावर नेतात. वेग दुप्पट झाला म्हणजे गतिजन्य ऊर्जा चौपट होते. उतारावर मोटारीनें वेग आवरला, पण मागील भारानें आवरला नाहीं, तर तो मोटारीस पुढें ढकलतो व प्रसंगीं आडवी फिरवितो. यासाठीं जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. त्यांपैकीं विजेच्या ब्रेकची रचना व त्याचे दोष शोधण्याची रीत येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची चुंबकसूची हलते, हें ओर्स्टेड या डॅनिश पंडितानें १८२० सालीं दाखविलें. पुढें १८२५ सालीं इंग्लंडांत स्टर्जन यानें विद्युच्चुंबक बनविला. तोच या ब्रेकचा प्राण होय. चालकानें ब्रेक दाबतांच मोटारींतील नियंत्रक ट्रेलरकडे वीज सोडतो. तेथें प्रत्येक ड्रममध्यें एक विद्युच्चुंबक असतो. तो फिरत्या ड्रमला चिकटूं पाहतो, त्याबरोबर किंचित् ओढला जातो, आणि त्याची तरफ ब्रेक-शू ड्रमवर दाबते.

आतां होडीच्या ट्रेलरची विशेष अडचण पाहूं. होडी तरंगती करण्यासाठीं त्याचीं चाकें पाण्यांत उतरवावीं लागतात. खारें पाणी ड्रममध्यें शिरतें, तारांचे सांधे गंजतात, आणि विजेचा मार्ग अडतो. म्हणून ब्रेक लागेनासा झाला कीं लगेच चुंबक बदलूं नये. विजेच्या वाटेनें क्रमाक्रमानें शोध करावा.

प्रथम मोटार व ट्रेलर यांमधील सात टोकांचा प्लग पाहावा. त्यांतील निळी तार ब्रेकची व पांढरी परतीची, असा तिकडील सामान्य प्रघात आहे. परतीचा सांधा गंजला असेल तर ब्रेक दुर्बल होतो, आणि पुष्कळदां ब्रेक दाबतांच ट्रेलरचे दिवेही मंदावतात. सांधा घांसून स्वच्छ करावा व घट्ट बसवावा.

नंतर निळ्या तारेंत अँमीटर जोडून नियंत्रकाच्या हातदांडीनें पूर्ण ब्रेक लावावा. सामान्य मापाच्या ब्रेकमध्यें प्रत्येक चुंबकास सुमारें ३ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे चार चाकांस १२. कांटा शून्यावर राहिला तर तार कोठें तरी तुटली आहे. प्रवाह कमी असेल तर सांधा वाईट आहे. फार जास्त असेल तर तारेचें आवरण झिजून वीज आडवाटेनें जात आहे. अँमीटर नसेल तर साधें होकायंत्र ड्रमजवळ धरावें. ब्रेक लावतांच सुई हलली तर वीज चुंबकापर्यंत पोंचली असें समजावें.

प्रवाह पुरेसा असूनही ब्रेक लागत नसेल, तर दोष यंत्राचा आहे. शू झिजलेले असतील, ड्रमपासून दूर गेले असतील, किंवा त्यांवर बेअरिंगचें वंगण उतरलें असेल. वंगणानें माखलेले शू पुसून भागत नाहीं. ते बदलावेच लागतात.

ट्रेलर मोटारीपासून सुटलाच तर दोरीनें एक खुंटी ओढली जाते, आणि ट्रेलरवरील लहान बॅटरी त्याचे ब्रेक लावते. निघण्यापूर्वीं मोटारीचा प्लग काढून व ती खुंटी ओढून ट्रेलर हळूच पुढें ओढून पाहावा. चाकें अडलीं पाहिजेत. परीक्षा होतांच खुंटी परत बसवावी, नाहीं तर बॅटरी संपून जाईल.

पाण्यांत उतरण्यापूर्वीं प्लग काढावा, ड्रम थंड होऊं द्यावे, व परत आल्यावर चाकें गोड्या पाण्यानें धुवावीं. या कष्टामुळें होडीच्या अनेक ट्रेलरांना विजेऐवजीं द्रवदाबाचे ब्रेक बसवितात. परंतु ब्रेक कोणताही असो, त्याची परीक्षा सपाट जागीं व मंद वेगांत, घर सोडण्यापूर्वींच झाली पाहिजे. मोटारींत बसलेल्या मुलांबाळांचा जीव त्या थोड्या वेळावर अवलंबून असतो, हें वडील मंडळींनीं कधींही विसरूं नये.