तेवीस गोष्टी आणि एका खोलीचे वाचनालय

नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. त्यानंतर चारच वर्षांनी याच गावातून 'ज्ञानोदय' निघू लागले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराची बरीच वर्षे नगर-राहुरीच्या परिसरात गेली. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जुने कागद शोधायचे तर जुन्याच नावाने. अशा कागदांच्या मागे मी गेली पंचवीसेक वर्षे हिंडते आहे. विद्यापीठाची दीक्षा नाही. जे आले ते ग्रंथपालांच्या टेबलापाशी बसून आले. त्यामुळे ग्रंथपालाला काय येते आणि काय येत नाही, हा माझ्यासाठी तात्त्विक प्रश्न नाही. कित्येक ठिकाणी खरी सूची ग्रंथपालाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की सूचीही निवृत्त होते.

म्हणूनच २००६ सालच्या एका अमेरिकी उपक्रमाने माझे लक्ष वेधून घेतले. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स या बाईंनी कर्मचाऱ्यांसाठी 'तेवीस गोष्टी' नावाचा अभ्यास आखला. वर्ग नाही, शिक्षक नाही, परीक्षा नाही. इंटरनेटवर करून पाहायच्या तेवीस लहान गोष्टींची नुसती यादी. छायाचित्र चढवा, त्याला खुणेचे शब्द जोडा, विकीवर चार ओळी लिहा, ध्वनिमुद्रण शोधून ऐका. मुदत नऊ आठवडे. त्यात कोणी कधी काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. प्रत्येकाने एक ऑनलाइन रोजनिशी उघडून काय जमले, कुठे अडले ते लिहायचे, एवढीच हजेरी. यादी पुरी करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. सुरुवातीलाच आजन्म शिकणाऱ्यांच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या. त्यातली शेवटची, अर्धी सवय म्हणजे खेळणे. मला ही अर्धीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्लोअर्सबाईंनी हा आराखडा इतरांना मोकळेपणाने वापरू दिला, म्हणून तो पुढे देशोदेशींच्या ग्रंथालयांनी आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला.

आपल्याकडे असे काही नाही, असे नाही. मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' याच जातीचे आहे. दहा-बारा मिनिटांचा पाठ पडद्याच्या एका बाजूला, प्रत्यक्ष काम दुसऱ्या बाजूला. पाहायचे, थांबवायचे, करून बघायचे, पुन्हा मागे जायचे. लिब्रे ऑफिससारखे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. ग्रंथालयासाठी लागणाऱ्या 'कोहा' या संगणकप्रणालीचेही पाठ तिथे आहेत. कोहा न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेने करून घेतली आणि २००० सालच्या जानेवारीत ती वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती आजही फुकट मिळते.

मग घोडे कुठे अडते? महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, अनुदानाचे नियम १९७० चे. राज्यात अकरा हजारांवर मान्य वाचनालये आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची प्रतवारी. ड वर्गात कपाटे पुसणारा, वर्गणी गोळा करणारा आणि तपासणीचे रजिस्टर भरणारा बहुधा एकच माणूस असतो. अनुदानाच्या तुकड्यात त्याचे घर चालत नाही, म्हणून तो सकाळी शेतावर किंवा दुकानात असतो. त्याला तीन दिवस जिल्ह्याच्या गावी बोलावून, सभागृहात बसवून संगणक शिकवायचा म्हणजे तितके दिवस वाचनालयाला कुलूप. उलट फोन त्याच्या खिशात आहेच. दुपारी वाचक नसतात तेव्हाची पंधरा मिनिटे त्याची स्वतःची असतात. आपल्या वेगाने शिकण्याची पद्धत खरी इथल्यासाठी आहे. शार्लटला निदान बदली माणूस तरी मिळत असेल.

पण अमेरिकी यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. त्यातली कित्येक संकेतस्थळे आज ओसाड पडली आहेत. आपली यादी आपल्या अडचणींतून निघायला हवी. माझ्या यादीत पहिली गोष्ट युनिकोड.

हे जरा सविस्तर सांगते, कारण नुकसान इथेच झाले आहे. जुन्या फॉन्टमध्ये, समजा कृतिदेवमध्ये, टंकलेली सूची पडद्यावर मराठी दिसते. संगणकाच्या पोटात मात्र ती रोमन अक्षरे असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवतो, इतकेच. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अंगरखा गळतो आणि हाती अगम्य चिन्हे उरतात. 'लक्ष्मीबाई' शोधले तर काहीच सापडत नाही, कारण तिथे लक्ष्मीबाई मुळी नसतेच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, म्हणून शोध लागतो. तरीही 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. एकाने एक पद्धत वापरली, दुसऱ्याने दुसरी, की शोध पुन्हा फसला. शिवाय 'टिळक, लक्ष्मीबाई' की 'लक्ष्मीबाई टिळक', 'ग्रंथ' की 'ग्रन्थ', हे एकदा ठरवून भिंतीवर लिहून ठेवावे लागते. जुनी सूची युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, पण बदललेल्या प्रत्येक ओळीवर माणसाची नजर फिरलीच पाहिजे. दिवसाला वीस नोंदी तपासल्या तरी पाच हजार पुस्तकांचे वाचनालय वर्षभरात हातावेगळे होते. ही बेरीज मी पारनेर तालुक्यातल्या एका ग्रंथपालांसमोर मांडली, तेव्हा ते म्हणाले, "ताई, वीस कशाला, पावसाळ्यात चाळीस होतील."

दुसरी गोष्ट हक्कांची. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाले की तिथून साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. 'स्मृतिचित्रे'तला त्यांचा मूळ मजकूर आता सर्वांचा झाला आहे. नंतरच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र आपोआप मोकळ्या होत नाहीत. एवढा फरक कळला तरी कोणते पान स्कॅन करायचे आणि कोणते नाही, हे ग्रंथपाल स्वतः ठरवू शकतो.

तिसरी गोष्ट मराठी विकिस्रोत. तिथे डावी-उजवीकडे स्कॅन आणि मजकूर ठेवून पान तपासतात. एकाने तपासले की पान पिवळे, दुसऱ्याने पडताळले की हिरवे. हे काम संगणक-पंडिताचे नाही. शुद्धलेखन जाणणाऱ्या, पुस्तकाची सवय असलेल्या माणसाचे आहे. असा माणूस गावोगावी बसलेला आहे, फक्त त्याला कोणी विचारलेले नाही.

बाकी गोष्टी झटपट होण्यासारख्या: विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंद शोधणे, साहित्य संस्कृती मंडळाची मोफत पुस्तके वाचकाच्या फोनवर उतरवून देणे, जीर्ण पानाचे सावली न पडता छायाचित्र काढणे, त्या फाइलला तारखेसह नाव देणे. शेवटच्या दोन माझ्या दृष्टीने तातडीच्या. गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, सहकारी सोसायटीचे अहवाल, दुष्काळाच्या साली निघालेली पत्रके यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. मोठ्या ग्रंथालयांना ती नको असतात, आणि रद्दीवाल्याला किलोने हवी असतात.

बक्षिसाचे विचाराल तर एमपीथ्री प्लेअरचे दिवस गेले. यादी पुरी करणाऱ्याला छायाचित्रांसाठी एक स्टँड आणि चांगला दिवा द्यावा. खर्च थोडा, आणि पुढच्याच आठवड्यात वापर सुरू. आणखी एक अट मी घालीन: अडले कुठे, ते प्रत्येकाने मराठीत लिहून ठेवायचे. शेवगावच्या ग्रंथपालाला अर्धा र कुठे अडला हे अकोल्याच्या ग्रंथपालाला वाचायला मिळाले, तर त्याचा एक दिवस वाचतो. सध्या ज्यांनी आपापले शिकून घेतले आहे ते फोनवरून एकमेकांना सांगतात, आणि ते सांगणे फोनमध्येच राहून जाते.