प्राथमिक लॅटिनची उजळणी : संस्कृत व्याकरणाच्या आधारे

प्रस्तावना

नागपुरी संत्र्याचे शास्त्रीय नाव ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ असे आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ते पाठ करतो. परंतु ‘सिट्रस’ हे रूप पुल्लिंगी भासत असताना विशेषण ‘रेटिक्युलाटस’ असे का होत नाही, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. विधी शाखेचा विद्यार्थी ‘मँडेमस’चे प्रयोजन जाणतो, त्या शब्दाचे रूप जाणत नाही. लॅटिन अशा प्रकारे केवळ घोकंपट्टीचा विषय बनते. ज्याने शाळेत संस्कृत शिकले आहे, त्याच्याजवळ ही घोकंपट्टी टाळण्याचे साधन आधीच असते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्दसंग्रह

संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचा उगम एक असावा, असे मत विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्ता येथे मांडले. ‘इग्निस’ व अग्नि, ‘सेप्तेम्’ व सप्त ही त्या नात्याची परिचित उदाहरणे होत. नाम पाठ करताना प्रथमेसोबत षष्ठीचे रूपही पाठ करावे, कारण मूळ प्रकृती षष्ठीत स्पष्ट होते. ‘देन्स’ या प्रथमेत लोपलेला तकार ‘देन्तिस’ या षष्ठीत प्रकट होतो आणि संस्कृत ‘दन्त’शी असलेले साम्य लक्षात येते.

व्याकरण

संस्कृतप्रमाणे लॅटिनमध्येही विशेषण नामाच्या लिंग, वचन व विभक्तीस अनुसरते. मात्र लिंग केवळ अंत्य प्रत्ययावरून ठरत नाही. वृक्षांची नावे प्रायः स्त्रीलिंगी असतात. म्हणून ‘रेटिक्युलाटा’ (जाळीदार) आणि पिंपळाच्या नावात ‘फायकस रिलिजिओसा’.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनुच्छेद २२६ अन्वये दाखल होणाऱ्या याचिकांतही हे व्याकरण दडलेले आहे. ‘मँडेमस’ म्हणजे मूळ ‘मान्दामुस्’, अर्थात ‘आम्ही आज्ञा करतो’. त्यातील ‘मुस्’ हा प्रत्यय ‘गच्छामः’ मधील ‘मः’शी जुळतो. ‘क्वो वॉरंटो’ म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने’. येथे संस्कृतात तृतीया आली असती. लॅटिनमध्ये तृतीयेचे कार्य पंचमीच करते.

अनुवाद

‘मागिस्तेर् दिस्किपुलुम् दोकेत्’ म्हणजे गुरू शिष्याला शिकवतो. पहिल्या दोन पदांची अदलाबदल केली तरी अर्थ बदलत नाही, कारण ‘दिस्किपुलुम्’ मधील मकार ‘शिष्यम्’प्रमाणेच कर्म दर्शवितो. इंग्रजीच्या सवयीने पदक्रमावर विसंबणारा विद्यार्थी येथे चुकतो. त्याने संस्कृत श्लोकाचा अन्वय लावावा तसे प्रथम क्रियापद, नंतर कर्ता व शेवटी कर्म शोधावे.

इंग्रजीतील साधित शब्द

वरील वाक्यातील ‘दोकेत्’च्या धातूपासून डॉक्टर, डॉक्युमेंट व डॉसाइल, तर ‘दिस्किपुलुस्’पासून डिसायपल हे शब्द आले. तथापि, ध्वनिसाम्य हा पुरेसा पुरावा नव्हे. दिवस या अर्थाच्या ‘दिएस्’पासून डायरी हा शब्द आला, परंतु ‘डे’ हा शब्द आलेला नाही.

समारोप

१ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही ग्राह्य धरले जाते. नावांची रूपे मात्र लॅटिन व्याकरणानुसारच सिद्ध होतात. त्यामुळे ही उजळणी अनावश्यक ठरलेली नाही. संस्कृत, वनस्पतिशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन सत्रारंभी काही तासिका त्यासाठी दिल्यास, विद्यार्थी जे नाव लिहितो त्याचा अर्थही त्याला सांगता येईल.