दोन नद्यांमधले अरावा घराणे

भाषांची घराणी : लेखांक 11

1867 साली विल्यम चँडलेस नावाचा इंग्रज प्रवासी अ‍ॅमेझॉनची उपनदी असलेल्या जुरुआतून होडीने वर निघाला. त्याआधी त्याने शेजारच्या पुरुस नदीचा माग काढला होता आणि त्या कामाबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1866 मध्ये त्याला सुवर्णपदक दिले होते. चँडलेसचा खरा जीव नकाशात. नदीचे प्रत्येक वळण मोजायचे, अक्षांश-रेखांश टिपायचे, बोलिव्हिया-पेरूकडे जाणारा जलमार्ग मिळतो का ते पाहायचे. जुरुआच्या काठी त्याला अरावा नावाची जमात भेटली. त्या लोकांचे काही शब्द त्याने कानाला लागले तसे रोमन लिपीत उतरवून घेतले. 1869 मध्ये त्याचा प्रवासवृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

पुढे 1877 मध्ये गोवराची साथ आली आणि अरावा जमात जवळजवळ पुसली गेली. त्यांच्या भाषेची आज हाती असलेली शिल्लक म्हणजे चँडलेसची ती छोटी यादी.

तरीही एका संपूर्ण भाषाकुलाला याच भाषेचे नाव मिळाले आहे. ज्या सदस्याविषयी सर्वांत कमी माहिती, त्याच्याच नावाने घर ओळखले जावे, असा हा प्रकार. अरावा कुलाच्या जिवंत भाषा मोजायला दोन्ही हातांची बोटे लागत नाहीत. पुरुसच्या काठी आणि तिथल्या तळ्यांवर राहणाऱ्यांची पाउमारी. पुरुस आणि जुरुआ यांच्या मधल्या पट्ट्यातल्या देनी आणि सुरुवाहा. पश्चिमेकडे थेट पेरूच्या हद्दीत गेलेली कुलिना. तिचे भाषक स्वतःला मदिहा म्हणवतात. आणि जरावारा, जमामादी व बनावा ही तीन नावे, जी भाषाशास्त्रज्ञ मादी या एकाच भाषेच्या बोली मानतात. त्यांतले कुलिना काही हजार आहेत, तर जरावारा आणि सुरुवाहा दोघेही शेकड्यांत. बाहेरच्या जगाशी सुरुवाहांचा थेट संबंध तर 1980 च्या सुमारास आला.

रबराच्या तेजीने या दोन नद्यांचे आयुष्य पालटले. 1870 नंतर चीक गोळा करणारे मजूर, सावकार आणि वाफेच्या बोटी आत शिरल्या. रोगही त्यांच्याबरोबर आले. जोसेफ स्टीअर हा अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ पुरुसवर दोनदा गेला, 1873 मध्ये आणि पुन्हा 1901 मध्ये. मधल्या काळात जर्मन मानववंशशास्त्रज्ञ पॉल एहरेनराइख येऊन गेला आणि 1897 मध्ये त्याने पुरुसवरच्या जमातींचे शब्दसंग्रह छापले. ही सगळी सामग्री त्रोटक, ऐकीव उच्चारांची, प्रत्येकाच्या मातृभाषेतल्या स्पेलिंगने विटाळलेली. पण ती नसती तर पुढच्यांना सुरुवातही करता आली नसती.

मग नावाने घोळ घातला. अरावा आणि अरावाक. दुसरे नाव दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत पसरलेल्या भाषाकुलांपैकी एकाचे. त्याच्या भाषा कॅरिबियन किनाऱ्यापासून बोलिव्हियाच्या पलीकडेपर्यंत सापडतात. पुरुसवरच अपुरिनां नावाची एक अरावाक भाषा पाउमारीच्या शेजारी नांदते. नावे सारखी, मुलूख एक, काही शब्द इकडून तिकडे गेलेले. एवढ्या भांडवलावर पॉल रिव्हे आणि कोन्स्तां तास्तव्हां या फ्रेंच अभ्यासकांनी 1938 पासून एक दीर्घ निबंध क्रमशः छापला. त्याच्या शीर्षकातच अरावा गटाला त्यांनी अरावाकच्या पोटात घातले. रिव्हे मोठा माणूस, पॅरिसच्या मानवसंग्रहालयाचा संस्थापक. मोठ्या माणसाने केलेले वर्गीकरण पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहते, तसे हेही उतरले.

हे नाते ताडून पाहायला फार खोल जावे लागत नाही. अरावाक कुलाची ओळख पटली तीच मुळी सर्वनामांच्या उपसर्गांवरून. ओरिनोको नदीवर राहिलेला इटालियन जेझुइट पाद्री फिलिप्पो जिलिई याने 1780 च्या दशकात माइपुरे आणि दूर बोलिव्हियातली मोशो या भाषांमधले असे साम्य हेरले होते. पुढे 1886 मध्ये कार्ल फॉन डेन श्टाइनेनने ‘माझे’ दाखवणाऱ्या ‘नु-’ या उपसर्गावरून या कुलाला ‘नु-अरावाक’ असेच नाव दिले. आता जरावारा किंवा कुलिना घ्या. तिथे ‘मी’साठी उपसर्ग आहे ‘ओ-’ आणि ‘तू’साठी ‘ति-’. जिथे नाते सर्वांत आधी दिसायला हवे, नेमके तिथेच ते दिसत नाही. उधारीचे शब्द शेजाऱ्याकडून येतात. ‘मी’ आणि ‘तू’ सहसा कोणी उसने घेत नाही.

या कुलाची पूर्वभाषा शिस्तीने उभी करण्याचे मोठे काम रॉबर्ट डिक्सन यांनी केले. ऑस्ट्रेलियातल्या जिरबल या आदिवासी भाषेच्या व्याकरणामुळे डिक्सन यांचे नाव आधीच झाले होते. 1990 च्या दशकात त्यांनी जरावारांच्या गावात मुक्काम करून भाषा शिकायला घेतली. तिथे अ‍ॅलन व्होगेल हे मिशनरी भाषाशास्त्रज्ञ राहत होते. त्यांच्या साहाय्याने लिहिलेले जरावाराचे जाडजूड व्याकरण 2004 मध्ये आले, आणि त्याच वर्षी पूर्व-अरावाच्या ध्वनिव्यवस्थेची पुनर्रचना मांडणारा त्यांचा दीर्घ निबंधही. बायबलच्या भाषांतरासाठी आलेल्या मिशनऱ्यांनी या भाषांची बरीचशी सामग्री जमा केली आहे. त्यांच्या हेतूंबद्दल कोणी काहीही म्हणो, पाउमारीसारख्या भाषेचा अभ्यास त्यांच्या वह्यांवाचून पुढे सरकला नसता.

पुनर्रचना म्हणजे नेमके काय करतात, ते एकाच ध्वनीवर पाहू.

पाण्याला पाउमारीत ‘पाहा’ म्हणतात, जरावारात ‘फाहा’. विस्तवाला पाउमारीत ‘सिहो’, जरावारात ‘यिफो’. जरावारातला हा ‘फ’ ‘फळ’मधला नव्हे, ओठांच्या फटीतून हवा घासत सोडायची, ‘फोन’मधल्या उच्चाराच्या जवळचा. जरावाराच्या बाजूने पाहिले तर दोन्ही शब्दांत ध्वनी एकच. पाउमारीच्या बाजूने पाहिले तर पहिल्यात ‘प’ आणि दुसऱ्यात ‘ह’. आता खरे कोण? मुळात एकच ध्वनी असून तो पाउमारीत फुटला, की मुळात दोन असून ते जरावारात एकवटले?

फुटण्याच्या बाजूनेही बोलता येईल. ‘पाहा’मध्ये हा ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला आहे, ‘सिहो’मध्ये दोन स्वरांच्या मध्ये. जागा बदलली की उच्चार बदलतो, हे भाषेत रोजचे आहे. इथे तिसरी साक्ष लागते आणि ती कुलिना देते. कुलिनात अल्पप्राण ‘प’ आणि महाप्राण ‘फ’ हे दोन वेगळे ध्वनी आहेत, अगदी ‘पळ’ आणि ‘फळ’ यांच्यासारखे, आणि ते शब्दाच्या सुरुवातीलाही वेगळे राहतात. पाण्याच्या कुलिना शब्दात साधा ‘प’ आहे, विस्तवाच्या शब्दात महाप्राण. म्हणजे पूर्वभाषेत दोन ध्वनी होते. कुलिनाने ते जपले, पाउमारीने महाप्राणाचा नुसता हकार केला, आणि जरावाराने दोघांना एकाच साच्यात ओतले. जरावारात आज ‘प’ उरलेलाच नाही. (मराठीतही ‘फळ’, ‘फूल’ हे शब्द ‘फोन’मधल्या ‘फ’ने उच्चारणारे शहरांत वाढत चालले आहेत, महाप्राणाचे घर्षकाकडे घसरणे पाहायला पुरुसपर्यंत जायला नको.)

अर्थात दोन शब्दांवर कोणी निकाल देत नाही. अशा शब्दांच्या रांगाच्या रांगा लावून, तोच बदल तशाच परिस्थितीत पुन्हा पुन्हा होतो हे दिसले, तरच पूर्वरूप लिहायचे, आणि तेही आधी तारांकन करून. हे रूप कोणी ऐकलेले नाही, बांधलेले आहे, एवढे तो तारा सांगतो. ही पद्धत रुळवणारा आउगुस्ट श्लाइशर हा जर्मन पंडित इतका धीट होता की, 1868 मध्ये त्याने इंडो-युरोपीय पूर्वभाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच लिहून टाकली. पुढच्या पिढ्यांनी ती कितीदा तरी दुरुस्त करून पुन्हा लिहिली. पूर्व-अरावात कोणी गोष्ट लिहायला बसलेले नाही, ते बरेच आहे.

स्वरांच्या बाबतीत हे घराणे कमालीचे काटकसरी. जरावारात स्वर चारच: आ, ए, इ, ओ. ‘ओ’ आणि ‘उ’ हा भेद नाही. तोंडाला येईल तो उच्चार करावा, अर्थ बदलत नाही. पूर्वभाषेतही डिक्सन चारच स्वर मानतात. व्यंजनांमध्ये मात्र पाउमारीने एक चीज राखली आहे: हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढून उच्चारलेले ‘ब’ आणि ‘ड’. उल्हासनगरात सिंधी ऐकलेल्यांच्या कानाला हा प्रकार ओळखीचा वाटेल.

पुनर्रचनेचा सर्वांत चमकदार उपयोग जरावाराच्या लिंगव्यवस्थेत दिसतो. इथे नामांची लिंगे दोन, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग, आणि काही खूण नसेल तर गृहीत धरायचे ते स्त्रीलिंग. सर्वनामांनाही तोच नियम. मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो आणि बाई ‘मी जाते’. जरावारा पुरुष स्वतःविषयी बोलताना क्रियापद स्त्रीलिंगीच वापरतो, कारण ‘मी’ हे सर्वनामच व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे. तू, आम्ही, ते, सगळी त्याच रांगेत.

शरीराच्या अवयवांची नावे आणखी एक पाऊल पुढे जातात. ‘त्याचा पाय’ आणि ‘तिचा पाय’ म्हणताना मराठीत ‘पाय’ जागचा हलत नाही. जरावारात पुरुषाचा पाय ‘तामे’, बाईचा ‘तेमे’. पुरुषाचा हात ‘मानो’, बाईचा ‘मानी’. डोळा ‘नोको’ आणि ‘नोकी’. कधी शेवटचा स्वर बदलतो, कधी पहिला, आणि जरावारा शिकणाऱ्याने हे सरळ पाठ करायचे. नुसत्या आजच्या भाषेकडे पाहून नियम सापडत नाही.

डिक्सन यांनी 1995 च्या एका लेखात याचा उलगडा केला. भगिनीभाषांशी तुलना करत मागे गेले की दिसते, पूर्वी नाम एकच होते आणि त्याच्या मागे लिंग दाखवणारा स्वतंत्र प्रत्यय यायचा. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी प्रत्ययांत मुख्य फरक स्वराचा. कालांतराने प्रत्ययातले व्यंजन झिजले, उरलेला स्वर नामाच्या शेवटच्या स्वरात विरघळला, आणि ‘तेमे’सारख्या शब्दात त्याचा रंग मागे पहिल्या स्वरापर्यंत पोचला. आज जो लहरीपणा वाटतो, तो एका सरळ नियमाचा अवशेष आहे. भाषाशास्त्रातल्या पुनर्रचना अनेकदा कोरड्या कोष्टकांत संपतात. ही त्यांतली नव्हे.

जरावाराच्या भूतकाळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘तो जंगलात गेला’ एवढेच म्हणता येत नाही. क्रियापदाच्या रूपातच सांगावे लागते की, बोलणाऱ्याने त्याला जाताना स्वतः पाहिले की नाही. शिवाय घटना आत्ताची, अलीकडची की फार जुनी, हेही त्याच रूपात येते. पूर्वजांच्या कथा साहजिकच ‘फार जुने, न पाहिलेले’ या रूपात चालतात. ही यंत्रणा पूर्वभाषेत नेमकी कशी होती, हे ध्वनींइतक्या खात्रीने मांडता येत नाही. प्रत्यय झिजतात, नवे चिकटतात, जागा बदलतात; व्याकरणाची पुनर्रचना नेहमीच ध्वनींच्या मागून लंगडत येते.

या साऱ्याला साक्षीदार लागतात आणि ते टिकणे पाउमारीसारख्या ठिकाणी अवघड झाले आहे. रबराच्या दिवसांपासून पाउमारी लोक पोर्तुगीज बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या संपर्कात राहिले, आणि तरुणांची घरची भाषा मोठ्या प्रमाणात पोर्तुगीज झाली. गेल्या दशकात पाउमारींनी स्वतःच आपल्या भाषेची एक स्पर्धा सुरू केली. वेगवेगळ्या गावांचे संघ येतात आणि पाउमारीतून सादरीकरण करतात. बाहेरच्या भाषातज्ज्ञाने सुचवलेल्या योजनांपेक्षा ही चढाओढ जास्त काम करील, असे मानायला जागा आहे.

पूर्वभाषेचे शब्द हाती आले की ती बोलणाऱ्यांचे जग त्यातून वाचण्याचा मोह होतो. विस्तवाला शब्द होता, म्हणून विस्तव होता; इथवर ठीक. पण जरावारातला ‘योमे’ घ्या. त्याचा पाउमारी भाऊबंद ‘जोमाही’. हा शब्द इतर भगिनीभाषांतही सापडतो, म्हणजे तो पूर्वभाषेतला आहे. जरावारात आज ‘योमे’ म्हणजे जग्वार आणि ‘योमे’ म्हणजे कुत्राही. कोणी घाईने लिहून मोकळा होईल की, पूर्व-अरावा बोलणारे कुत्री पाळत असत. अ‍ॅमेझॉनच्या या सखल जंगलात कुत्रा आला तो युरोपीय लोक आल्यानंतर, आणि चार पायांच्या, सुळे असलेल्या या नव्या प्राण्याला तिथल्या लोकांनी घरातल्याच जुन्या शब्दाने हाक मारली. त्यामुळे पूर्वभाषेच्या कोशात या शब्दासमोर अर्थ लिहायचा तो जग्वार एवढाच.