सावली करारनाम्यात नसते

पुण्यात प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता किंवा कोरेगाव पार्कसारख्या भागात घर विकायला निघाले, की खोल्यांच्या संख्येइतकेच कौतुक झाडीचे होते. ‘गर्द सावलीची गल्ली’, ‘खिडकीतून हिरवाई’ हे शब्द जाहिरातीत हमखास येतात. भर एप्रिलमध्ये घर बघायला आलेले कुटुंब गाडीतून उतरते, वर झाडाकडे बघते आणि दराची घासाघीस थोडी मवाळ होते. पुढे करारनामा होतो. त्यात चटईक्षेत्र असते, पार्किंगची जागा असते, गच्चीवरचा हक्कही असतो. सावलीचा उल्लेख मात्र कुठेही नसतो. झाड बहुधा रस्त्याकडेला, शेजारच्या आवारात किंवा सोसायटीच्या सामाईक जागेत उभे असते. विकणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचे ते नसते आणि घेणाऱ्याच्याही नावावर होत नाही. तरीही आरोग्याच्या हिशेबाने पाहिले तर या सगळ्या व्यवहारातल्या सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी ती एक आहे.

झाडाला बाजारात किंमत असते, हे मोजूनही पाहिलेले आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात घरांच्या विक्रीचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेच्या झाडांमुळे घराची किंमत सरासरी ८,८७० डॉलरने वाढत होती आणि त्या झाडांचा लाभ आजूबाजूच्या घरांच्या किमतीतही दिसत होता. म्हणजे एकाच्या दारातले झाड शेजाऱ्याचेही घर महाग करते. उलट बाजूही तितकीच खरी. शेजारच्या आवारातले झाड गेले, तर नुकसान आपलेही होते आणि त्याबद्दल दाद मागायला करारनाम्यात एक ओळही सापडत नाही.

झाडाचा गारवा येतो कुठून?

झाड दोन प्रकारे उष्णता कमी करते. पहिला प्रकार सावलीचा. भिंत, डांबर आणि फरशी दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री ती उष्णता हळूहळू सोडतात. पानांच्या छताखाली हे पृष्ठभाग मुळात तापतच नाहीत, म्हणून तिथे रात्रही लवकर निवते. दुसरा प्रकार बाष्पोत्सर्जनाचा. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आसपासच्या हवेतून घेतली जाते. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. पुरेसे पाणी मिळालेले मोठे झाड दिवसाला १०० लिटर पाणी सहज बाहेर टाकू शकते. हा हिशेब दीड टनाचे वातानुकूलन यंत्र १२ ते १३ तास पूर्ण क्षमतेने चालवण्याइतका होतो. यंत्र खोलीतली उष्णता उचलून रस्त्यावर टाकते. झाड तसे करत नाही.

पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात या दोन्ही प्रकारांचा फायदा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पोत्सर्जनाचा परिणाम कमी जाणवतो, पण थेट ऊन अडवण्याचे काम झाड तिथेही करतेच. मात्र या सगळ्याला एक अट आहे. मुळांना पाणी हवे आणि पाणी मुरायला उघडी माती हवी.

शरीरावर काय परिणाम होतो?

उष्णतेचा त्रास म्हटले की भर दुपारचा उष्माघात डोळ्यांसमोर येतो. पण रात्री तापमान उतरले नाही, तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. त्वचेकडे जास्त रक्त पोहोचवण्यासाठी हृदयाला सतत अधिक काम करावे लागते, झोप मोडते आणि आधीच हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांची प्रकृती ढासळू शकते. उतारवयात तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातले पाणी आणखी झपाट्याने घटते. मुले परदेशी आणि घरी दोघेच ज्येष्ठ, असे चित्र या जुन्या, सुस्थित भागांत नवे नाही. त्यांच्यासाठी खिडकीबाहेरचे झाड नुसती शोभा नसते.

झाडांमुळे आरोग्य सुधारते, की मुळात पैसेवाले आणि म्हणून निरोगी लोकच झाडीत राहतात, हा प्रश्न संशोधकांनाही पडतो. त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते. २०१५ साली कॅनडातील टोरांटोत झालेल्या अभ्यासाने उत्पन्न, वय, शिक्षण हे घटक वेगळे काढून पाहिले. एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंतच्या वस्तीत १० झाडे जास्त असली, तर तिथल्या लोकांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटत होती. हा फरक वय ७ वर्षांनी कमी असण्याइतका होता.

याहून ठळक पुरावा झाडे गेल्यावर मिळाला. अमेरिकेत अॅश जातीची झाडे पोखरणाऱ्या हिरव्या भुंग्याने काही वर्षांत सुमारे १० कोटी झाडे मारली. भुंगा गरीब-श्रीमंत पाहून वस्ती निवडत नाही, त्यामुळे संशोधकांना जणू आयता प्रयोगच मिळाला. १५ राज्यांतल्या १९९० ते २००७ या काळातील नोंदी तपासल्यावर कीड पसरलेल्या भागांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले सुमारे १५ हजार आणि श्वसनविकारांनी झालेले ६ हजारांहून अधिक जादा मृत्यू आढळले. २०१३ च्या या अभ्यासातली सर्वांत लक्षणीय बाब अशी, की सरासरीपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या भागांत हा परिणाम अधिक होता. एक शक्यता अशी, की तिथे झाडे जास्त होती म्हणून गमावण्यासारखेही जास्त होते.

पन्नास रोपे म्हणजे एक वड नव्हे

पुण्यातल्या पेठांबाहेर गेल्या शतकात बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा आजचा प्रभात रस्ता गावाबाहेरच होता. मोठे भूखंड, मध्ये छोटे घर आणि भोवती माती, अशी इथली रचना होती. आजची सावली ही त्या मातीची आणि कित्येक दशकांच्या वाढीची कमाई आहे.

आता त्याच भूखंडांवर पुनर्विकास सुरू आहे. जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, वाहिन्या गंजल्या, भिंतींना ओल आली, त्यामुळे पुनर्विकासाची गरज खोटी नाही. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना तिसरा मजला चढायला लावणे हेही आरोग्याचे काम नव्हे. प्रश्न पुनर्विकास कसा होतो, याचा आहे. तळघरातल्या पार्किंगसाठी कुंपणाच्या भिंतीलगतपर्यंत खोदाई झाली, तर आवारात खोल माती उरतच नाही. नंतर काँक्रीटच्या छतावर दोन-तीन फूट माती टाकून केलेली बाग दिसायला हिरवी असते, पण तिथे वड, चिंच किंवा कडुनिंबाचा मोठा वृक्ष वाढू शकत नाही. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. खोदाईत शेजारच्या झाडाची मुळे तुटतात. ते झाड लगेच मरत नाही, पण पुढे एखाद्या वळवाच्या वादळात कोसळू शकते. मग दोष वाऱ्याला दिला जातो.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. अर्ज आल्यावर झाडावर नोटीस लावून हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. हेतू चांगला आहे. पण ५० रोपे एका गल्लीत मावत नाहीत, ती दुसरीकडे लागतात. त्या गल्लीत राहणाऱ्याची सावली मात्र जाते.

शिवाय रोपाला झाड व्हायला वेळ लागतो. पोर्टलंडमध्ये १९९० ते २०१९ या काळात रस्त्याकडेला लावलेल्या ४९ हजारांवर झाडांचा आणि तिथल्या मृत्युदराचा अभ्यास झाला. झाडे लावलेल्या भागांत मृत्युदर कमी होता आणि ११ ते १५ वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांच्या बाबतीत हा फरक १ ते ५ वर्षांपूर्वीच्या झाडांपेक्षा जवळपास दुप्पट होता. सत्तरीतल्या माणसासाठी १५ वर्षांनी येणारी सावली आणि आजची सावली यांची तुलनाच होऊ शकत नाही.

घर बघताना

भागाच्या नावावर जाऊ नये, हे पहिले पथ्य. कोरेगाव पार्कची ख्याती वडांच्या गल्ल्यांची, तरी अलीकडच्या काही उन्हाळ्यांत तिथल्या स्वयंचलित केंद्रावर शिवाजीनगरपेक्षा जास्त तापमान नोंदले गेले आहे. एकाच उपनगरात दोन गल्ल्यांचे हवामान वेगळे असू शकते. म्हणून घर एकदा दुपारी तीनला आणि एकदा रात्री दहाला पाहावे. रात्री भिंतीला हात लावला, तरी बरेच कळते.

दुसरे म्हणजे मजला. मोठ्या झाडाची सावली साधारण तीन-चार मजल्यांपर्यंत पोहोचते. अकराव्या मजल्यावरून झाडी सुंदर दिसते, पण त्या घराच्या भिंती उन्हातच असतात. ‘हिरवाईचे दृश्य’ आणि ‘झाडाची सावली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृश्याचाही उपयोग असतोच. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी सोडता आले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, हे अमेरिकेतील १९८४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते. पण दृश्याने पश्चिमेची भिंत गार होत नाही.

तिसरे, नेदरलँड्समधील वनतज्ज्ञ सेसिल कोनिनेंडाइक यांनी २०२१ साली मांडलेला ३-३०-३०० हा आडाखा कामाचा आहे. घरातून किमान ३ मोठी झाडे दिसावीत, परिसराचा ३० टक्के भाग वृक्षच्छायेखाली असावा आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. युरोपातील ९३ शहरांच्या अभ्यासानुसार वृक्षच्छाया ३० टक्क्यांवर नेली असती, तर २०१५ च्या उन्हाळ्यातले २,६४४ अकाली मृत्यू टळू शकले असते.

चौथे, कागद. नव्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तळघर कुठपर्यंत आहे, कुंपणालगत मोकळी जमीन किती उरते, कोणती झाडे ठेवायची म्हणून दाखवली आहेत, हे विचारावे. शेजारच्या जुन्या बंगल्याचे किंवा सोसायटीचे पुढे काय होणार आहे, याचीही चौकशी करावी. खिडकीतली हिरवाई बहुधा तिथलीच असते.

शेवटी झाडाची तब्येत. बुंध्याला भिडवून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले झाड तहानलेलेच राहते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. झाडीचे तोटेही लक्षात घ्यावेत. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, पावसाळ्याआधी त्यांची जाणकाराकडून तपासणी हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सप्तपर्णीच्या उग्र वासाचा काहींना त्रास होतो, दमेकऱ्यांनी आधीच पाहून घ्यावे. पानांनी तुंबलेल्या पन्हाळीत साचलेल्या पाण्यावर डासही होतात. यावर उपाय देखभाल हा आहे, कुऱ्हाड नव्हे.

पैशांनी घर घेता येते, पण त्याच्यावरची सावली टिकवणे एकट्याच्या हाती नसते. ती अनेकदा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरते. पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो तेव्हा प्रत्येक सभासद वाढीव चौरस फूट विचारतो. आवारातली कोणती झाडे राहणार आणि त्यांच्याभोवती किती माती सुटणार, हे त्याच सभेत विचारून लेखी घेता येते. त्याच झाडाखाली रखवालदाराची खुर्ची असते, दुपारी दुसऱ्या कामाला निघालेल्या मावशी तिथेच थांबतात, रिक्षाही तिथेच उभी राहते. त्यांना त्या सभेत मत नसते. ज्यांना आहे, त्यांनी तो प्रश्न विचारायला हवा.