वजन दोरीत असतं

गोदाकाठ : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण गळाची साधी काठी पाहिली : बांबू, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गांडूळ. त्या काठीने आपण फेकतो ते शिसं, आणि दोरी त्याच्या मागोमाग ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं होतं. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून नकली किडा बनवतात, तीच फ्लाय. ती इतकी हलकी असते की हाताने भिरकावली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. नवशिक्यासाठी पाच नंबरची दोरी बरी. तिच्या पुढच्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं. काठी ९ फुटांची, लवचीक. दोरीच्या टोकाला निमुळतं होत जाणारं तंगूस, आणि त्याच्या शेवटी फ्लाय.

फेक अशी : काठीचं टोक पाण्याजवळ ठेवून सुरुवात करायची, दोरी सावकाश उचलायची, वेग वाढवत काठी मागे न्यायची आणि कानाच्या थोडं मागे गेली की एकदम थांबवायची. काठी थांबली तरी दोरी थांबत नाही. ती आसुडासारखी वळसा घेत मागे उलगडत जाते. ती पूर्ण उलगडेपर्यंत हात हलवायचा नाही. मग तसंच पुढे, आणि पुन्हा ठाम थांबा. घाई झाली की मागे फट् आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. मनगट फार वाकवलं तर दोरीचा वळसा मोठा होतो आणि सगळी दोरी पाण्यावर ढिगासारखी पडते. शिकणाऱ्याने मान वळवून मागे पाहावं, त्यात कमीपणा नाही. कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात, गळाऐवजी लोकरीचा धागा बांधून सराव केला तर इजा होत नाही आणि दोरीही स्वच्छ दिसते. काठावर मागे बाभळी असतील तर ही फेक जमणार नाही. तिथे दोरी मागे न उडवता पाण्यावरच काठीजवळ ओढून पुढे लोटायची.

हा प्रकार जुना आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांची पद्धत लिहून ठेवली : गळाला लाल लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची पिसं. आपल्याकडच्या नद्यांविषयी मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. त्यात मुख्य मान महासीरला. दख्खनच्या महासीरला, म्हणजे आपल्या खडस माशाला, शास्त्रीय नाव मिळालं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन छापलं. पुढे धरणांनी आणि बेसुमार मासेमारीने तो विरळ झाला, तेव्हा टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण केंद्रात त्याची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडण्याचं काम सुरू झालं.

आता नाशिकजवळच्या एकलहऱ्याकडे येऊ. औष्णिक वीज केंद्रासाठी इथे गोदावरीवर बंधारा आहे. बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबलेलं असतं; गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की ते हलतं. केंद्राच्या हद्दीत अर्थातच जायचं नाही, आणि आवर्तनाची चौकशी केल्याशिवाय पाण्यात पाऊल घालायचं नाही. पण काठी उघडण्याआधी इथे शिकायचं ते पाणी वाचायला, आणि त्यासाठी काठाची उंच जागा पुरते.

पाण्यावर वर्तुळं उठतात ती सगळी सारखी नसतात. मे अखेरीस वळवाच्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी पाण्यावर पडते, तेव्हा अळकुटीसारखे छोटे मासे भराभर वर येतात. वर्तुळं लहान, चपळ, एकामागून एक. हे खाणं आहे, इथे वाळवीच्या आकाराची फ्लाय चालते. मरळ वर येतो तो मात्र हवा घ्यायला. त्याला कल्ल्यांइतकीच वरच्या हवेचीही गरज असते, नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर तो जगत नाही. त्याचा एकच घोट, एकच गोल, आणि मग बराच वेळ काही नाही. त्यावर फ्लाय टाकली तर बहुधा वाया जाते.

तिसरा प्रकार ओळखता आलाच पाहिजे. शहराचं सांडपाणी नदीत उतरतं, त्यावर पाणवेली पोसतात. त्यांची चादर पाण्याखाली ऊन जाऊ देत नाही, आणि कुजताना त्या पाण्यातला प्राणवायू खातात. रात्रभर तो घटत जातो आणि उजाडण्याआधी सर्वांत कमी होतो. म्हणून भल्या पहाटे चिलापी आणि इतर मासे तोंड वर काढून ओठ हलवत राहिलेले दिसतात. नवख्याला वाटतं, मासा भुकेला आहे. तो गुदमरत असतो. अशा सकाळी दोरी पाण्यात पडता कामा नये. कुठल्या गोलाचा अर्थ काय, हे कळलं नाही तर फेक कितीही सुरेख असो, ती आंधळी आहे असं मला वाटतं. आणि ज्याने ती तोंडं जवळून पाहिली, त्याला सांडपाण्याचा प्रश्न महापालिकेच्या बातमीपुरता राहत नाही. दोष कुठे आहे हे तो विचारायला लागतो.

मासा लागलाच तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबलेला असावा. हात ओले करून मासा धरायचा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. शक्यतो पाण्यातच गळ काढायचा, तोंड प्रवाहाकडे करून धरायचा, आपणहून निघेपर्यंत. चिलापीचा अपवाद : १९५२ साली देशात आणलेला हा आफ्रिकी मासा देशी माशांची जागा घेतो, तो घरी न्यायला माझी हरकत नाही. खायचा तर स्वच्छ पाण्यातला. पहिल्या पुरात चढणीचे मासे अंडी घालायला निघतात, तेव्हा महिना-दोन महिने काठी घरीच ठेवायची. नांदूर मधमेश्वरच्या अभयारण्यात तर ती कधीच न्यायची नाही.

पुढच्या आठवड्यात वाळवीची फ्लाय बांधू. कोंबडीवाल्याकडून मानेची तपकिरी पिसं मागून ठेवा. साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, उन्हात ती ठिसूळ होतात.