जुन्या हसण्याचा हिशेब

२०२४ च्या डिसेंबरात मी नातीचं बोट धरून डिस्नीलँडला गेलो. खरं सांगायचं तर बोट तिनेच माझं धरलं होतं. निवृत्त बँक अधिकारी त्या गर्दीत हरवायला कितीसा वेळ!

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं हे उद्यान १९५५ सालचं. मी तिथे पूर्वी एकदा गेलो होतो, २००५ साली, धाकट्या भावाच्या आग्रहाखातर. तेव्हा माझी लेक सोळा वर्षांची होती. आता ती तिकडेच संसार करते आणि तिची आठ वर्षांची मुलगी मला उद्यान दाखवते.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही तिथली १९६७ पासूनची राइड. अंधारात होडी पुढे सरकत राहते आणि काठावर समुद्री चाचे गाव लुटत असतात. बाहुलेच ते, पण यंत्राने हलणारे, बोलणारे. त्यातला एक देखावा मला पक्का आठवत होता. गावातल्या बायकांचा लिलाव चाललेला. दोरीने बांधलेल्या बायकांची रांग, त्यात लाल केसांची एक ठसकेबाज बाई आणि ‘तीच हवी’ म्हणून ओरडणारे झिंगलेले चाचे. ते वळण जवळ आलं तसं मी नातीला म्हणालो, “आता गंमत बघ हं!”

गंमत आलीच नाही. लिलाव होता, पण लुटलेल्या मालाचा. लाल केसांची बाई होती, पण बंदूक घेऊन उभी. आता ती स्वतःच चाच्यांच्या टोळीत सामील झाली होती. हा बदल २०१८ सालचा, असं लेकीने सांगितलं. त्याआधी १९९७ सालीही बायकांमागे धावणारे चाचे खाण्यामागे धावायला लावले होते म्हणे.

“आबा, आधी काय होतं इथे?” नातीने विचारलं. मी सांगितलं.

“मग तुम्ही काय केलंत?”

“हसलो.”

“आईपण हसली?”

मागच्या बाकावरून लेक म्हणाली, “नाही. बाबा, तुम्ही हसत होतात, म्हणून मी काही बोलले नाही.”

एकोणीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता.

असे बदल तिथे आणखीही झाले आहेत. १९८९ सालचा ‘स्प्लॅश माउंटन’ हा १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर बेतलेला होता. मळ्यांवरच्या कृष्णवर्णीयांचं जिणं त्या चित्रपटाने फार गोड करून दाखवलं, हा आक्षेप जुनाच. २०२३ साली ती राइड बंद झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच जागी कृष्णवर्णीय राजकन्या टियानाची राइड सुरू झाली. डोंगर तोच, पाण्यातली उडी तीच. नात पोटभर किंचाळली.

जुन्या चाहत्यांना हे बदल रुचत नाहीत. चाच्यांनी लुटालूट करायची नाही, तर काय सत्यनारायण घालायचा? प्रश्न रास्त आहे. चाचे माणसं विकत, हा इतिहासच आहे. पण त्या होडीत इतिहास कोण शिकत होतं? दोरीने बांधलेल्या बायकांकडे आम्ही बोली लावणाऱ्यांच्या नजरेने बघावं आणि हसावं, अशी ती मांडणी होती. आणि मी अगदी सांगितल्यासारखा हसलो होतो. कंपनीने हे सारं निव्वळ सद्बुद्धीने केलं, असंही मी म्हणणार नाही. तिकीट काढणाऱ्यांत आता माझी लेक आहे, हे गणित बँकवाल्याला कळतं.

बँकेत लेजरमध्ये चूक झाली तर ब्लेडने खरवडायची सक्त मनाई असे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. उद्यानाने दुरुस्ती केली हे उत्तमच. पण होडीत बसणाऱ्याला जुन्या आकड्याचा मागमूस लागत नाही. नातीने विचारलं नसतं, तर माझा आकडाही गुपचूप खरवडला गेला असता.

हे मनाला लागायला आणखी एक कारण आहे. माझ्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. तिच्यात कांदेपोह्यांचं एक प्रकरण आहे. सावळ्या मुलीला नापसंत करून परतणारी मंडळी एस.टी.त तिच्या रंगावर विनोद करतात आणि लेखक, म्हणजे मी, त्यांच्याबरोबर हसतो. वाचकांनाही ते आवडलं होतं. कौतुकाची पत्रं मी जपून ठेवली आहेत.

ते प्रकरण वगळून टाकावं, असं आधी मनात होतं. आता तसं करणार नाही. प्रकरण राहील. त्याच्यापुढे दोन नवी पानं येतील. पाहुणे गेल्यावर ती मुलगी मोरीत कपबश्या विसळते, त्या वेळची. आणि सुरुवातीला माझं निवेदन, सहीनिशी.

ती दोन पानं लेकीला वाचायला पाठवली आहेत. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.